मेंदूज्वर आणि मेंदूचे चित्र

ताप ही घरोघरची ओळखीची गोष्ट होय. मुलास ताप आला की आई कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवते, आणि दोन-चार दिवसांत मूल पुन्हा अंगणात खेळू लागते. परंतु क्वचित तापाबरोबर डोके अतिशय दुखते, मूल असंबद्ध बडबडते, जवळच्या माणसांस ओळखत नाही, त्यास झटके येतात. अशा वेळी कित्येक घरांत प्रथम अंगारा आणला जातो. वस्तुतः ही बाहेरची बाधा नसून मेंदूस आलेली सूज असू शकते. तिलाच मेंदूज्वर म्हणतात.

हा रोग अनेक विषाणूंमुळे होतो. त्यांपैकी एकास आपल्याच प्रांतातील गावाचे नाव मिळाले आहे. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा येथील रुग्णांमध्ये पुण्याच्या संशोधकांस तो १९६५ साली आढळला. त्यावर अद्याप नेमके औषध नाही. दुसरा विषाणू हर्पिस सिम्प्लेक्स. तापात ओठाच्या कडेस पाणीदार फोड येतात, ते बहुधा याचेच. एरवी तो चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी निद्रिस्त असतो. फारच थोड्यांच्या मेंदूत शिरतो. त्या मेंदूज्वराची साथ येत नाही. परंतु उपचार न झाल्यास शंभरांतील सुमारे ७० रुग्ण दगावतात. मात्र यावर असायक्लोव्हिर नावाचे औषध आहे. म्हणूनच हा रोग ओळखण्यास एवढे महत्त्व!

परंतु कवटीच्या आत पाहावे कसे? राँटजेन यांनी १८९५ साली शोधलेल्या क्ष-किरणांनी हाड दिसते, मऊ मेंदू दिसत नाही. १९७१ साली इंग्लंडात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूची आडवी काप-चित्रे प्रथम घेतली, तेच सी.टी. स्कॅन. पुढे एम.आर.आय. आले. त्यात क्ष-किरण नसतात. शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. बलवान चुंबकाच्या क्षेत्रात त्यांस रेडिओलहरींनी क्षणभर चाळविले असता ते सूक्ष्म संदेश देतात, व त्यांवरून संगणक चित्र रेखाटतो. सुजलेल्या भागात पाणी वाढते, म्हणून विशिष्ट पद्धतीच्या चित्रात तो भाग उजळ दिसतो.

येथे एक मोठी उपयुक्त गोष्ट ध्यानात येते. हर्पिसची सूज बहुधा कानशिलाच्या आतील बाजूस असलेल्या मेंदूच्या भागात दिसते. पुष्कळदा एका बाजूस अधिक. स्मरण, भाषा व भावना यांचा त्या भागाशी निकट संबंध आहे. मूल नावे का विसरते, भलतेच का बोलते, याचा उलगडा येथे होतो. उलटपक्षी, जपानी मेंदूज्वरात मेंदूच्या अगदी खोल मध्यभागी खुणा आढळतात.

तथापि चित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. सूज कोठे आहे हे ते सांगते. ती कोणी आणली हे निश्चित सांगत नाही. त्यासाठी पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात विषाणूचा अंश शोधावा लागतो. शिवाय पहिल्या एक-दोन दिवसांत सी.टी. स्कॅन निर्दोष दिसू शकते. म्हणून सुज्ञ डॉक्टर संशय येताच शिरेतून औषध सुरू करतात. चित्राची वाट पाहत बसत नाहीत. औषध जितके लवकर, तितका मेंदू अधिक वाचतो. उशीर झाल्यास प्राण वाचूनही स्मृती अधू राहण्याचे भय असते.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र कितीही सूक्ष्म असो, रुग्णास त्याच्यापर्यंत नेण्याचे काम घरच्या माणसांचेच. शुभवर्तमानात झटके येणाऱ्या मुलाचा पिता त्यास लपवीत नाही. सर्वांदेखत प्रभूकडे आणतो. पालकांनीही तसेच लज्जा व भय सोडावे. तापात मूल वेगळेच वागू लागले तर सकाळ होण्याची वाट न पाहता आपल्या घाटी रुग्णालयात, अथवा जवळ असेल त्या मोठ्या रुग्णालयात, त्यास त्वरित न्यावे. ताप कधी आला, वागणे कधी बदलले, झटका कधी आला, हे डॉक्टरांस क्रमाने सांगावे. ही माहिती घरच्यांवाचून दुसरे कोणी देऊ शकत नाही. आणि उपचाराचा आरंभ तिच्यापासूनच होतो.