लिव्हरच्या कनेक्टरने पक्का जोड

घरातले वायरिंग बिघडते तेव्हा वायर क्वचितच दोषी असते. दोष जोडात असतो. खांडबारा आणि आसपासच्या पाड्यांवरच्या जुन्या घरांत हे लगेच कळते. कुडाची भिंत, वर कौले, कौलांखालून गेलेली केसिंग पट्टी आणि तिच्यात दोन वायरी पिळून वर काळी टेप. पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात कौलांखालच्या उष्म्याने टेपेचा चिकटपणा जातो. कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. घर महिनोन् महिने बंद राहते आणि परतल्यावर त्याच जोडावर पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर असे सगळे सुरू होते.

ढिला जोड तापतो. पाण्याची छोटी मोटर किंवा गरम पाण्याची सळई ६ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. जोडाचा रोध ०.१ ओहम झाला, तर तिथे ३.६ वॅट उष्णता सतत तयार होते, तीही बोटभर जागेत. चांगल्या जोडाचा रोध एक-दोन मिलिओहम असतो. तिथे उष्णता एक दशांश वॅटही होत नाही. एवढ्या फरकावर घराची सुरक्षितता अवलंबून आहे.

लिव्हरचा कनेक्टर, म्हणजे लिव्हर बंद केला की आतली स्प्रिंग वायर दाबून धरते असा प्लास्टिकचा छोटा जोड, इथे खरोखर कामाचा आहे. जर्मनीतल्या मिंडेनची वॅगो ही कंपनी १९५१ सालची. तिने १९७७ मध्ये वायरला पिंजऱ्यासारखी धरून ठेवणारी स्प्रिंग बाजारात आणली. आजचे लिव्हरवाले कनेक्टर त्याच विचारावर चालतात. स्क्रू किती आवळायचा हे माणसागणिक बदलते, स्प्रिंगचा दाब मात्र तोच राहतो. तांबे तापून फुगले, निवून आकसले, तरी स्प्रिंग त्याला सोडत नाही. पण ती फक्त दाबते. दाबण्याजोगे स्वच्छ, पुरेसे आणि न हलणारे तांबे तिला देणे हे आपले काम आहे, आणि बहुतेक तक्रारी तिथेच उगवतात.

खरेदीपासून सुरुवात करा. खांडबारा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर असल्याने सुरतेचा माल सहज हाती येतो. त्यात नावाजलेला माल असतो, तसा नाव नसलेलाही. अंगावर कंपनीचे नाव, वायरीचा आकार, व्होल्ट, अँपिअर आणि कव्हर किती सोलायचे याचे माप छापलेले असेल तोच कनेक्टर घ्या. शक्यतो पारदर्शक घ्या, म्हणजे वायर आत कुठवर गेली ते दिसते. वॅगोच्या २२१ मालिकेतला नेहमीचा कनेक्टर ४ चौ. मिमीपर्यंतची तांब्याची वायर घेतो, त्याची मर्यादा ३२ अँपिअर आहे आणि कव्हर ११ मिमी सोलावे लागते. स्वस्त मालावरही ३२ अँपिअर छापलेले आढळते. त्या आकड्यावर मी विसंबत नाही. असा माल दिवे-पंख्यांपुरताच वापरावा.

नव्या मालाची परीक्षा घरीच करता येते, आणि ती केल्याशिवाय एकही कनेक्टर भिंतीत घालू नये. आधी एक कनेक्टर बळी द्या. पक्कडीने प्लास्टिक फोडून आतली पट्टी आणि स्प्रिंग वेगळी करा. पट्टीला लोहचुंबक लावा. चिकटली तर ती लोखंडाची आहे; सगळा माल परत करा. स्प्रिंग चुंबकाला थोडी ओढली गेली तर हरकत नाही, ती पोलादाचीच असते. पट्टी नखाने वाकण्याइतकी पातळ असेल तरी तो माल नको.

दुसरी परीक्षा १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, म्हणजे घरच्या २३० व्होल्टशी संबंध येत नाही. जीपची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी, ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब, आणि बॅटरीच्या तोंडाशीच १० अँपिअरचा फ्यूज. बल्बकडे जाणारी वायर मध्ये कापून ती दोन टोके कनेक्टरने जोडा. बल्ब पेटला की जवळजवळ साडेचार अँपिअर प्रवाह वाहतो. आता मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि त्याच्या पिना कनेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याला टेकवा. अंगावर तपासणीची भोके असतील तर तिथूनच. आकडा दहा मिलिव्होल्टच्या आत आणि स्थिर असेल तर कनेक्टर उत्तम. मग वायर हळूच डावी-उजवीकडे हलवा. आकडा नाचू लागला किंवा वीस-पंचवीसच्या वर गेला, तर तो बाजूला काढा. ही मर्यादा माझ्या समजुतीची आहे, कुठल्या मानकातली नव्हे. पण चांगला आणि वाईट माल शेजारी ठेवून पाहिलात तर फरक लपत नाही.

आता घरातले काम. वायरिंगचे काम परवानाधारक वायरमननेच करावे असा नियम आहे, आणि तो पाळावा. मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद असतानाही त्याच्याकडून फेज जिवंत राहतो, हे फार जण विसरतात. नुसत्या टेस्टरच्या लाल दिव्यावर भरवसा नको. मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प आधी चालू बोर्डावर लावून नीट चालतो याची खात्री करा, मग कामाच्या जागी लावा, आणि पुन्हा एकदा चालू जागी लावून पाहा. त्यासाठी गरज पडल्यास शेजारच्या घरचा बोर्ड वापरा.

जुना पिळलेला जोड उकलून तीच टोके कनेक्टरमध्ये खुपसू नका. काळे पडलेले, कडक झालेले तांबे मागे चकाकी दिसेपर्यंत कापून टाका. कापताना चाकूने हलके खरवडून पाहा. आतून पांढरे निघाले तर ती ॲल्युमिनियमची वायर आहे. पोलवरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर बहुधा तशीच असते. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज अडवतो. शिवाय दाबाखाली हा धातू हळूहळू सरकतो. कंपनीने स्पष्ट परवानगी दिलेली नसेल तर लिव्हरच्या कनेक्टरमध्ये ॲल्युमिनियम घालायचे नाही.

कव्हर सोलायला स्ट्रिपर वापरा, दात किंवा ब्लेड नको. १.५ चौ. मिमीच्या वायरीत साधारण ०.३ मिमी जाडीच्या २२ तारा असतात. ब्लेडने गोल चीर देताना त्यातल्या चार तुटल्या तर जवळजवळ पाचवा हिस्सा तांबे गेले, आणि वायर नेमकी तिथेच तापणार. तार तुटलेली दिसली तर टोक कापून पुन्हा सोला. माप कनेक्टरवर छापलेलेच धरा. कमी सोलले तर स्प्रिंग कव्हर दाबून बसते. वरून घट्ट वाटते, आत वीज जेमतेम जाते. जास्त सोलले तर उघडे तांबे बाहेर राहते. तारा मूळच्या पिळानुसार बोटांनी हलकेच गोळा करा. त्यांवर कथील चढवू नका. कथील दाबाखाली दबत जाते आणि जोड ढिला होतो.

लिव्हर पूर्ण उभा करा. वायर टेकेपर्यंत आत सारा आणि तशीच दाबून धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिव्हर बंद करा. वायर सोडून लिव्हर दाबला तर ती दोन-तीन मिमी मागे येते, आणि जोड अर्धवट बसण्याचे नेहमीचे कारण हेच आहे. लिव्हर अंगाशी सपाट बसला पाहिजे. कनेक्टर उलटा करून बघा: तांबे शेवटपर्यंत पोहोचले का, एखादी तार बाहेर वळली का, तोंडाशी उघडे तांबे दिसते का. मग प्रत्येक वायर वेगळी धरून जोराने ओढा. सुटली तर घरात आग लागण्याआधी सुटली, हे चांगलेच. एका भोकात एकच वायर. रिकाम्या भोकांचे लिव्हर बंद ठेवा. हिरवी अर्थिंगची वायर सर्वांत आधी जोडा.

यानंतर वायरींना आधार द्या. कनेक्टर केसिंगच्या पट्टीत कोंबू नका, झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्ये ठेवा. प्रत्येक वायरीला दहा-पंधरा सेंटिमीटर जास्तीची लांबी ठेवा आणि कनेक्टरच्या तोंडाशीच वाकवू नका. थोडी सरळ जाऊ द्या, मग वळवा. वायरीचा ताण बॉक्समध्ये शिरतानाच केबल टायने धरा, तो जोडावर येता कामा नये. झाकण लावताना एखादी वायर लिव्हरखाली अडकून तो उचलला जात नाही ना, हे आधी पाहा.

हा कनेक्टर पाण्यासाठी बनलेला नाही. ओटीवर किंवा न्हाणीजवळ लावायचा असेल तर पाणीबंद बॉक्स घ्या, वायर खालून ग्लँडमधून आत न्या आणि बाहेर तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाऊस झोळातून ठिबकतो, आत शिरत नाही. उरलेली भोके बुजवा. मुंग्या आणि पाली उबेला येतात. शेतातल्या तीन-पाच एचपीच्या पंपाला हे कनेक्टर मी कधीच सुचवणार नाही. तिथे दाबून बसवलेली लग आणि स्टार्टरचे टर्मिनलच हवे.

चालू करण्याआधी एमसीबी पाहा. ती वायरीच्या मापाने निवडतात, कनेक्टरवरच्या आकड्याने नव्हे: १.५ चौ. मिमीला १० अँपिअर, २.५ ला १६. सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. मग घरात एरवी चालतो तेवढा पूर्ण लोड अर्धा तास चालवा, मेन बंद करा आणि बॉक्स उघडून कनेक्टरला हाताची मागची बाजू लावा. कोमट लागला तर चालेल. हात ठेववत नसेल किंवा प्लास्टिकचा वास येत असेल, तर जोड कापून पुन्हा करा. पावसाळा संपला की हीच तपासणी एकदा करा, आणि ऊसतोडीहून परतल्यावर मोठा लोड लावण्यापूर्वीही करा.

चांगला कनेक्टर उघडून पुन्हा वापरता येतो. पण एकदा तापून पिवळा किंवा काळा पडलेला कनेक्टर पैसे वाचवण्यासाठी परत लावू नका. तो फेकून द्या, नवा घाला, आणि पहिला का तापला याचे कारण सापडेपर्यंत त्या जोडावर मोटर चालवू नका.