मोगऱ्याची छाटणी, अनंताची सबुरी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पुण्यातल्या तुझ्या नव्या घराच्या अंगणात आधीच्या कुटुंबाने लावलेली झाडं तशीच आहेत, हे वाचून फार आनंद झाला. मोगरा, अनंत, जास्वंद आणि शेवंती, चारही वर्षानुवर्षं साथ देणारी. फाल्गुन लागलाय, तेव्हा कात्री हातात घ्यायची तुला घाई झाली असेल. पण वसंत आला म्हणून सगळ्याच झाडांवर एका दिवशी कात्री चालवायची नसते. कुठलं झाड नव्या फुटीवर फुलतं आणि कुठलं आधीच्या हंगामातल्या फांदीवर, एवढं आधी समजून घे. अंगणातल्या कामांचा क्रम त्यावरच ठरतो.

मोगरा नव्या फुटीवर फुलतो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड भागात मोगऱ्याची शेती होते, ती याच गुणावर. मोगऱ्याचे बागायतदार थंडीत झाडांना पाण्याचा ताण देतात, मग छाटणी करतात आणि खत-पाणी सुरू करतात. नव्या फांद्यांवर धरलेल्या कळ्या पहाटे खुडल्या जातात आणि मिटलेल्याच दादरच्या फूलबाजारात पोचतात, कारण मोगरा उमलतो संध्याकाळी.

घरच्या मोगऱ्यालाही हाच क्रम मानवतो. छाटणी राहून गेली असेल तर या आठवड्यात उरकून घे. आधी वाळलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या काढाव्यात, मग उरलेल्या साधारण एक तृतीयांशाने कमी कराव्यात. फांदीकडे नीट पाहिलंस तर प्रत्येक पेरावर पानांची जोडी समोरासमोर दिसेल. काप त्या पेराच्या किंचित वर घ्यायचा. दोन्ही पानांच्या बगलेतून एकेक फुटवा येतो आणि एका फांदीच्या दोन होतात. शेंड्याला बहुधा तीन कळ्यांचा घोस येतो. त्यातली मधली आधी उमलते, म्हणून खुडताना शेजारच्या दोघींना धक्का लागू देऊ नये.

छाटणीनंतर माती हलकी उकरून कुंडीमागे दोन ओंजळी कुजलेलं शेणखत घालावं. युरियाच्या मोहात पडू नकोस, त्याने पानंच माजतात. ऊन मात्र रोज निदान पाच-सहा तास हवं. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर झाडाला लोह मिळत नाही असं समजावं. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे नेहमी घडतं.

अनंताचं सगळं उलटं. त्याच्या शेंड्यांवर कळ्या धरत असतात. आत्ता छाटलास तर यंदाची फुलं कात्रीबरोबर गेली. त्याची छाटणी बहर संपल्यावर करायची. तोवर माती ओलसर ठेवावी आणि कुंडी इकडून तिकडे हलवू नये. पाण्यात खंड पडला, की अनंत कळ्या गाळतो.

जास्वंद नव्या फुटीवर फुलते, तेव्हा तिची हलकी छाटणी आत्ता चालेल. तिचा खरा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. २००८ साली कोइमतूरला पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला. तो जास्वंदीवरही पोसला जातो. फवारण्यांनी तो हटेना, तेव्हा २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी नावाचा चिमुकला परोपजीवी कीटक आणून सोडला गेला. त्याची मादी ढेकणाच्या अंगात अंडी घालते. त्यानंतर हा उपद्रव आटोक्यात आला. घरच्या बागेत जहाल औषध मारलं, तर असे मित्रकीटक आधी मरतात. म्हणून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ढेकूण धुऊन काढावेत, उरलेल्यांवर साबणाचं पातळ पाणी मारावं. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की लगेच पानांच्या बगला तपासाव्यात. ढेकणांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात.

या दिवसांत रस्तोरस्ती पानगळीचे ढीग साचतात आणि बऱ्याच ठिकाणी ते पेटवले जातात, याचं फार वाईट वाटतं. पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या ‘ब्राऊन लीफ’ उपक्रमात जास्तीचा पाला असणारे आणि तो हवा असणारे एकमेकांशी जोडले जातात. दोन पोती तूही मिळव. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडून पाल्याचा थर दिला, की एप्रिलच्या उन्हातही माती ओल धरून राहते. पाणी सकाळी लवकर घालावं.

शेवंतीचा बहर सरला की झाड मेलं समजून लोक कुंडी रिकामी करतात. तसं करू नकोस. वाळलेले दांडे वीतभर ठेवून काप. बुडातून कोवळ्या काश्या, म्हणजे फुटवे, वर येतील. उन्हाळाभर त्यांना दुपारच्या उन्हापासून आडोसा दे आणि जूनमध्ये मुळांसकट सोडवून वेगळ्या कुंड्यांत लाव. शेवंती रात्र मोठी झाल्यावर कळी धरते. बहर पुढे ढकलायचा असेल तर फूलउत्पादक रात्री शेतात दिवे लावतात, ते यासाठीच. तेव्हा गणपती झाले की तुझ्या कुंड्या पोर्चच्या दिव्यापासून लांब, रात्रभर अंधार राहील अशा जागी हलव.

तुझी,
मावशी