सही कोणाची, ते आधी विचारा

मावळातली कॉमर्सची मुलं मला भेटली की हल्ली फिरून फिरून एकच विचारतात. "ताई, सीएची आर्टिकलशिप फर्मऐवजी सरळ कंपनीत केली तर चालते ना?" कुणी लंडनच्या एखाद्या मुलाचा व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाच्या मामाची तळेगावात ओळख असते. व्हिडिओतलं काही खोटं नसतं. इंग्लंडमधली आयसीएईडब्ल्यू ही संस्था कारखाना, बँक, सरकारी खातं अशा कुणालाही प्रशिक्षणाची मान्यता देऊ शकते, आणि तिथला विद्यार्थी 450 दिवसांचा सगळा अनुभव तसल्या ठिकाणी घेऊन सीए होऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेतही प्रॅक्टिसबाहेरची अशी वाट आहे.

आपल्याकडे ती वाट आहे, पण अर्धीच. आयसीएआय या आपल्या सीए संस्थेच्या 1988 च्या नियमावलीतल्या 51 व्या नियमानुसार आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षात 9 ते 12 महिने कंपनीत काढता येतात. त्याला इंडस्ट्रियल ट्रेनिंग म्हणतात. 1 जुलै 2023 पासून आर्टिकलशिपच दोन वर्षांची झाली आहे, म्हणजे पहिलं वर्ष फर्ममध्ये घालवल्याशिवाय सुटका नाही. पहिल्या दिवसापासून कारखान्यातच बसायचं असेल, तर सीएमएचा रस्ता धरावा. त्यात कमीपणा काही नाही.

मी हे ट्रेनिंग 2017-18 साली केलं. आमच्या वेळी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती. पहिली दोन वर्षं लोणावळ्यातल्या एका छोट्या फर्ममध्ये काढली. हॉटेलं, चिक्कीची दुकानं, पतसंस्था, मुंबईकरांचे बंगले आणि त्या बंगल्यांच्या सोसायट्या, हे आमचं विश्व. चार लाखांखालच्या वस्तीच्या गावात तेव्हा पहिल्या वर्षाचा किमान स्टायपेंड महिना 500 रुपये होता. वलवण ते स्टेशन रिक्षानं रोज ये-जा केली असती तर त्यातच संपला असता, म्हणून सायकल. सर मात्र शिकवायचे. व्हाउचरवर टिक करताना "का?" विचारायला त्यांनीच लावलं.

तरी मला कारखाना बघायचा होता. वलवणात वाढलेल्या माणसाला त्याचं नवल वाटू नये. गावालगत टाटांचं धरण आहे. 1910 साली टाटा हायड्रोची कंपनी निघाली आणि 1915 पासून इथल्या तलावांचं पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जातंय. पावसाळ्यात भरलेला तलाव म्हणजे त्या धंद्याचा कच्चा माल, तोही उघड्यावर ठेवलेला. मे महिन्यात पातळी किती उतरली ते काठावरची गुराखी पोरंसुद्धा सांगतील. फर्ममध्ये मात्र 'क्लोजिंग स्टॉक' हा मालकानं सांगितलेला आकडा असायचा. तो खरा की खोटा हे बघायला आम्ही क्वचितच गोदामात जायचो.

तळेगाव एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत जागा मिळाली. रुजू झाले आणि दोन महिन्यांत जीएसटी आला. 30 जून 2017 च्या रात्री साऱ्या देशाचे अकाउंटंट जागे होते. आम्ही स्टोअरमध्ये कास्टिंग मोजत होतो. जुन्या करांचं क्रेडिट नव्या करात आणायचं तर ट्रान-1 फॉर्म भरायचा, आणि त्यात बाहेर जॉबवर्कला गेलेला मालही दाखवायचा होता. तो सहा महिन्यांत परत आला नाही तर कर बसणार. स्टोअरचे काका रजिस्टर पुढं करून म्हणाले, "मॅडम, माल इथं लिहिलाय, पण आहे भोसरीत. आणि भोसरीवाल्यानं निम्मा पुढं कान्ह्याला दिलाय." पुढचे कित्येक दिवस मी चलनं घेऊन शेडशेडमध्ये फिरले. माल कसा चालतो, भंगार कुठं जातं, एका भागाच्या किमतीत पोलाद किती आणि मजुरी किती, हे तिथं कळलं. माल मिळाल्याची नोंद, खरेदीची ऑर्डर आणि पुरवठादाराचं बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय पैसे का सोडायचे नसतात, हेही. फर्ममध्ये राहून हे मला इतकं समजलं नसतं. म्हणून मी मुलांना इंडस्ट्रियल करूच नका, असं कधी सांगत नाही.

गाडी अडली ती दसऱ्याच्या सुमारास. ज्या साहेबांच्या हाताखाली माझं ट्रेनिंग नोंदवलेलं होतं, त्यांनी राजीनामा दिला. एचआरच्या बाई अगदी आपुलकीनं म्हणाल्या, "तू कशाला काळजी करतेस? तुझी ऑफर कंपनीची आहे. शेवटी लेटर आम्हीच देणार." मला ते पटलंही असतं, पण संध्याकाळच्या लोकलमधून लोणावळ्याच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, संस्थेच्या लेखी तू कंपनीकडं नाहीसच. तू त्या माणसाकडं आहेस. तो गेला की त्या दिवसापासून तुझं ट्रेनिंग हवेत. एचआरच्या लेटरनं घर सजव."

नियम तसाच आहे, आणि बहुतेक मुलांना तो ठाऊक नसतो. प्रशिक्षण कंपनी देत नाही, कंपनीत नोकरीला असलेला आयसीएआयचा सदस्य देतो. त्याच्या सदस्यत्वाला सलग तीन वर्षं झालेली असावी लागतात. असोसिएट सदस्याला एकच प्रशिक्षणार्थी घेता येतो, फेलो असेल तर दोन. कंपनीलाही अट आहे: किमान एक कोटीची स्थिर मालमत्ता, किंवा दहा कोटींची उलाढाल, किंवा पन्नास लाखांचं भरणा झालेलं भांडवल. तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना ही अट सहज जमते. अडतं ते माणसापाशी.

आमच्या प्लँटमध्ये आणखी एक सीए होता, हुशार आणि मनमिळाऊ. पण तो आदल्या वर्षीच पास झालेला, त्याची सही चालणार नव्हती. कंपनीच्या चाकणच्या प्लँटमध्ये एक मॅडम फेलो सदस्य होत्या आणि त्यांच्याकडची एक जागा रिकामी होती. हे केवळ नशीब. साहेबांनी शेवटच्या दिवसापर्यंतचं प्रमाणपत्र सही करून हातात दिलं, सरांनी कागद तपासले, चाकणच्या मॅडमनी नवा करार केला आणि मधे दिवस पडू न देता नोंद झाली. उरलेले महिने मी लोकलनं तळेगाव आणि पुढं मिळेल त्या वाहनानं चाकण असे काढले. तळेगाव-चाकण रस्ता ज्यानं ट्रकांच्या रांगेत उभं राहून पाहिलाय, त्याला जास्त सांगायला नको.

चाकणची ती जागा भरलेली असती, तर मला फर्ममध्ये परतावं लागलं असतं. परतता आलंही असतं, कारण सरांशी संबंध चांगले होते. इथं मुलांचं गणित हमखास चुकतं. कंपनीची ऑफर आली की फर्ममध्ये तोंड वाकडं करून निघतात, शेवटच्या महिन्यातलं काम अर्धवट टाकतात. प्रिन्सिपलला तीन महिने आधी कळवणं हा नियम आहे; तो पाळाच. पण त्या तीन महिन्यांत हातातली फाइल नीट पुरी करून देणं नियमाच्याही वर आहे. अडचण आली की दार त्यांचंच ठोठावायचं असतं.

मुलाखतीत स्टायपेंड आधी विचारू नका. कंपनी फर्मच्या कितीतरी पट देते, तेवढ्यानं डोळे दिपतात. आधी विचारा की करारावर सही कोण करणार, त्यांचा सदस्य क्रमांक काय, त्यांच्याकडं आत्ता कुणी आहे का, ते गेले तर त्यांच्यामागं पात्र असं दुसरं कोण. प्रश्न उद्धट वाटेल अशी भीती असते. चांगल्या माणसाला तो उद्धट वाटत नाही. करार झाला की 30 दिवसांत संस्थेच्या पोर्टलवर नोंद झाली की नाही, ते स्वतः बघा. "झालं असेल" या शब्दांवर विसंबून राहिलेल्या एका मुलाला नंतर उशीर माफ करून घेण्यासाठी खेटे घालताना मी पाहिलंय.

मग कामाचं विचारा. काही ठिकाणी प्रशिक्षणार्थी म्हणजे स्वस्तातला क्लार्क. वर्षभर बिलं स्कॅन करायची आणि बँकेचा ताळमेळ घालायचा. कोणत्या विभागात किती महिने, हे ईमेलवर लिहून मागा. कॉस्टिंग, महिनाअखेर, जीएसटी आणि खरेदी एवढं तरी त्यात हवं. ओळखीच्या कंपनीत 'नुसतं नाव लावतो, महिन्यातून एकदा ये' असं कुणी म्हणालं, तर चहा पिऊन परत या. ते खोटं ट्रेनिंग आहे, आणि संस्थेनं ते रद्द केलं तर गेलेले महिने कुणी भरून देत नाही.

गमावता काय, तेही बघा. शेवटच्या वर्षात फर्मची मुलं टॅक्स ऑडिटचा 3सीडी स्वतः तयार करतात, सरांबरोबर सुनावणीला जातात, अधिकाऱ्याशी कसं बोलायचं ते ऐकतात. कंपनीत आम्ही परदेशी पेमेंटचा 15सीए भरायचो, पण 15सीबीवर सही बाहेरच्या, प्रॅक्टिस करणाऱ्या सीएची. तो सही करण्याआधी काय काय तपासतो, ते मला पास झाल्यानंतर नव्यानं शिकावं लागलं. ज्याला वलवण, तुंगार्ली, कामशेतकडं स्वतःची पाटी लावायची आहे, हॉटेलच्या खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर की खाली यावर मालकाशी वाद घालायचा आहे, त्यानं ते वर्ष फर्ममध्येच काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातलेच दोन-चार उद्योजक अशील होणार असतील, तर गोष्ट वेगळी.

परीक्षेचा मुद्दा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. आमच्या वेळी आर्टिकलशिपच्या शेवटच्या सहा महिन्यांत फायनलला बसता यायचं, म्हणून कंपनीच्या मार्चअखेरीला आणि अभ्यासाला एकाच वेळी तोंड द्यावं लागे. नव्या योजनेत प्रशिक्षण संपल्यावर सहा महिने थांबूनच फायनल देता येते. 2025 पासून ती वर्षातून तीनदा होते. त्यामुळे कंपनीत असताना रात्री पुस्तक उघडण्याचा हट्ट नको. दिवसा प्लँटमध्ये फिरा.

आता मीच एका कंपनीत आहे आणि असोसिएट असल्यामुळे माझ्याकडं एकच जागा आहे. येणाऱ्याला पहिले तीन महिने स्टोअरमध्ये बसवते. त्याला लॅपटॉप उशिरा मिळतो, आणि त्यावरून तक्रारी येतात. मी नोकरी बदलणार असेन तर त्याला निदान तीन महिने आधी सांगेन, हे मी त्याच्या करारासोबतच्या पत्रात लिहून देते. आमच्या एचआरला ते आवडत नाही. अर्ज करायचा असेल तर दिवाळीच्या आत करा. मार्चमध्ये पाठवलेला अर्ज मी मेपर्यंत उघडत नाही.