नकाशावरचा ठिपका आणि जमिनीतले झाड

रस्त्याकडेच्या जुन्या झाडाच्या बुंध्यावर एखादा कागद डकवलेला तुम्ही कधीतरी पाहिला असेल. बहुतेक जण तो न वाचताच पुढे जातात. खरे म्हणजे तो थांबून वाचावा असा कागद असतो. अमुक क्रमांकाच्या भूखंडासमोरील तमुक जातीचे झाड तोडण्याची किंवा छाटण्याची परवानगी कोणीतरी मागितली आहे, कोणाची हरकत असल्यास ती ठरावीक मुदतीत, बहुधा सात दिवसांत, लेखी कळवावी, असा त्याचा आशय असतो. कारणाच्या रकान्यात पुष्कळदा एकच शब्द आढळतो : ‘धोकादायक’.

हा कागद कोणाच्या मर्जीने लागत नाही. त्यामागे ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ हा कायदा आहे. शहरात झाड तोडायचे तर, ते स्वतःच्या अंगणातले असले तरी, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने झाडाची पाहणी करायची, वर्तमानपत्रात आणि झाडावर सूचना द्यायची, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि मग निर्णय व्हायचा, असा क्रम आहे. या कायद्यातील ‘तोडणे’ या शब्दाची व्याप्तीही मोठी आहे. झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हेही त्यात येते. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले.

कायदा वकिलांवर सोपवून आपण भौतिकीकडे वळू. ‘धोकादायक’ हे विशेषण आहे, पण त्याच्या मागे बल, अंतर आणि प्रतिबल या राशी आहेत. त्या मोजता येतात, निदान त्यांचा अंदाज तरी करता येतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला जमेल एवढेच गणित त्याला लागते.

प्रथम वाऱ्याचा विचार करू. समजा, वस्तीतल्या एका रस्त्यावर पर्जन्यवृक्ष उभा आहे. त्याच्या बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर १९० सेंटिमीटर भरला. याला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो सुमारे ६० सेंटिमीटर. पर्णसंभार ८ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे. समोरून पाहिले तर त्याचे क्षेत्रफळ लंबवर्तुळाच्या सूत्राने जवळजवळ ४० चौरस मीटर येते. वळवाच्या वादळात वारा सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने आला असे धरा. वाऱ्याचा दाब म्हणजे हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, याच्या निम्मे. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम घेतली तर हा दाब चौरस मीटरला २४० न्यूटन होतो. पण झाड म्हणजे भिंत नव्हे. पाने मिटतात, डहाळ्या वाकतात, वारा फटींतून निघून जातो. म्हणून हा दाब निम्माच धरू. एकूण बल आले ४,८०० न्यूटन. पाच माणसांनी, आपापल्या वजनाचे झोके देत शेंड्याला बांधलेला दोर ओढावा, इतपत हे बल आहे.

हे बल जमिनीपासून साधारण ८ मीटर उंचीवर लागते. बल गुणिले अंतर म्हणजे परिबल. ते झाले ३८,४०० न्यूटन-मीटर. हा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सारा हिशेब त्याच्याशी जोडलेला आहे.

बुंधा एवढे परिबल सोसेल का? भरीव गोल दांड्याच्या सूत्राने पाहिले तर बुंध्याच्या कडेच्या लाकडावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १.८ न्यूटन प्रतिबल येते. ओले, निरोगी लाकूड मोडायला साधारणपणे ३० न्यूटनांच्या वर प्रतिबल लागते. म्हणजे आपल्या पर्जन्यवृक्षाचा बुंधा या वाऱ्यात मोडण्याच्या जवळपासही येत नाही.

आता कोणी म्हणेल, “पण याला ढोली आहे! आतून पोकळ झाड पडणारच.” इथे निसर्गाची बांधणी पाहण्यासारखी आहे. वाकवले असता दांड्याच्या कडेचे थर सर्वांत जास्त ताणले किंवा दाबले जातात. मध्यभागाला जवळजवळ कामच नसते. पोकळीमुळे होणारी ताठरपणाची घट ही आतल्या व बाहेरच्या व्यासांच्या गुणोत्तराच्या चौथ्या घाताइतकी असते. ६० सेंटिमीटर व्यासाचा बुंधा ४२ सेंटिमीटरपर्यंत पोकळ झाला असे समजा. गुणोत्तर ०.७, त्याचा चौथा घात ०.२४. म्हणजे निम्मे लाकूड नाहीसे होऊनही ताठरपणा फक्त २४ टक्क्यांनी घटला! प्रतिबल १.८ वरून २.४ वर गेले, इतकेच. सायकलची चौकट भरीव सळयांची न करता नळ्यांची का करतात आणि बांबू पोकळ असूनही परातीला का चालतो, याचे उत्तर हेच.

जर्मनीतील क्लाउस मॅटेक या शास्त्रज्ञांनी पडलेल्या व उभ्या अशा पुष्कळ झाडांचे निरीक्षण करून एक ठोकताळा सुचवला : उरलेल्या लाकडाची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या ०.३ पटीपेक्षा कमी असली तर सावध व्हावे. आपल्या उदाहरणात त्रिज्या ३० आणि जाडी ९ सेंटिमीटर, म्हणजे नेमकी ही सीमा. हा ठोकताळा सर्वच तज्ज्ञ मानत नाहीत, विशेषतः अवाढव्य जुन्या झाडांच्या बाबतीत. तरी ‘ढोली दिसली, लावा करवत’ या रीतीपेक्षा तो नक्कीच बरा.

एक प्रयोग अवश्य करा. वहीच्या दोन सारख्या कागदांच्या दोन नळ्या करा. एकीची शिवण डिंकाने पक्की चिकटवा. दुसरीची कडा न चिकटवता नुसती दोऱ्याच्या दोन फेऱ्यांनी धरून ठेवा. दोन्ही नळ्या पिळून आणि वाकवून पाहा. न चिकटवलेली नळी किती सहज हार मानते ते दिसेल. म्हणून ढोली बंद आहे की तिला उभी लांब चीर आहे, हे ढोलीच्या आकारमानाइतकेच महत्त्वाचे असते.

मग वादळात झाडे पडतात ती कशी? पावसाळ्याच्या सुरुवातीला उन्मळून पडलेले झाड जवळून पाहा. बुंधा बहुधा शाबूत असतो. मुळांसकट मातीची एक चकतीच्या चकती उचलली गेलेली असते. याचा अर्थ, प्रश्न बुंध्याचा नसून पायाचा असतो.

झाडाची मुळे खोल पाताळात जातात अशी आपली समजूत असते, चित्रांतही ती तशीच काढतात. वस्तुतः बहुतेक झाडांची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच असतात, कारण मुळांना हवा लागते. मात्र ती आडवी दूरवर, पर्णसंभाराच्या घेराबाहेरही पसरतात. वारा आला की वाऱ्याकडच्या बाजूची मुळे ताणली जातात, मातीची चकती आपल्या वजनाने खाली धरून ठेवते आणि विरुद्ध बाजूला बुंध्यापासून थोड्या अंतरावर जणू एक बिजागरी तयार होते. झाड पडते ते या बिजागरीभोवती.

ढोबळ हिशेब करू. चकतीची त्रिज्या २ मीटर, जाडी ०.८ मीटर आणि बिजागरी बुंध्यापासून १ मीटरवर समजा. बिजागरीपासून वाऱ्याकडच्या कडेपर्यंतच्या भागाचे वजन, मातीची घनता पाण्याच्या १.७ पट धरून, सुमारे १४ टन होते. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून १.३ मीटरवर येतो. रोखून धरणारे परिबल झाले सुमारे १,८०,००० न्यूटन-मीटर. वाऱ्याचे होते ३८,४००. झाड निर्धास्त उभे राहील.

आता त्याच रस्त्यावर वाऱ्याकडच्या बाजूला, बुंध्यापासून अर्ध्या मीटरवर, केबलसाठी चर खणला. चराजवळ मुळे तुटली, पलीकडची माती कामातून गेली. बिजागरी आणि चर यांच्यामध्ये उरला दीड मीटर रुंदीचा पट्टा. त्याचे वजन सुमारे ८ टन आणि गुरुत्वमध्य बिजागरीपासून पाऊण मीटरवर. परिबल उरले ६०,०००. वारा ताशी ७२ ऐवजी ९० किलोमीटर झाला तर, दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने, वाऱ्याचे परिबलही ६०,००० वर पोहोचते. हिशेब तिथेच संपतो. या गणितात मुळांचा ताण व मातीची पकड धरलेली नाही. त्यामुळे प्रत्यक्ष झाड याहून चिवट असते. पण चर खणताना तुटतात ती नेमकी हीच ताण घेणारी मुळे. त्यात मुसळधार पावसाने माती चिखल झालेली असली की तिची पकडही सुटते.

महिन्याभरात चर बुजतो, वर पेव्हर ब्लॉक बसतात. दोन-चार वर्षांनी झाड कोसळले की ‘जुने झाड होते’ अशी नोंद होते. चराची आठवण कोणालाच नसते.

आता इमारतीच्या नकाशाकडे येऊ. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, सुधार न्यास स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. रुंद रस्ते, दोन-तीन मजली घरे आणि दुतर्फा झाडे असे या वस्त्यांचे रूप. अशा जुन्या वस्त्यांत आज पुनर्विकास चालू आहे. परवानगीच्या अर्जासोबतच्या नकाशावर तोडायची झाडे आणि राखायची झाडे वेगवेगळी दाखवतात. राखायचे झाड म्हणजे कागदावरचा एक ठिपका किंवा छोटेसे वर्तुळ. ठिपक्याला हात लागत नाही ना, एवढे पाहून सर्वांचे समाधान होते. तळघराची खोदाई त्या ठिपक्यापासून किती अंतरावर आहे, हे विचारणारा विरळा. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या मानकात यासाठी एक नियम आहे : बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखीव धरायचे. आपल्या पर्जन्यवृक्षाला तो लावला तर त्रिज्या होते ७.२ मीटर. आपल्या गल्लीत एवढी जागा सुटणे अवघड आहे, हे मान्य. परंतु नकाशावर ठिपक्याऐवजी हे वर्तुळ काढले असते तर राखायच्या यादीतली किती झाडे खरोखर राखली जाणार होती, ते सर्वांना दिसले असते. माझ्या मते नोटिशीत नाव असलेल्या झाडापेक्षा, नाव नसलेल्या शेजारच्या झाडाकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

त्या शेजाऱ्यावर आणखी एक संकट येते. झाड आपल्याला मिळणाऱ्या वाऱ्याप्रमाणे घडते. सतत हलणारे झाड बुंधा आणि मुळे जाड करते, आडोशातले झाड ती काटकसर करते. ओळीतली दोन झाडे काढली की तिसऱ्याला एकाएकी असा वारा लागतो, ज्याची त्याला सवयच नाही. शिवाय उंच इमारतीवर आदळलेला वारा काही प्रमाणात तिच्या भिंतीवरून खाली घसरतो आणि रस्त्याच्या पातळीवरचा वेग वाढवतो.

बुंध्याला भिडवून केलेले काँक्रीट हा असाच दुसरा न दिसणारा मारेकरी. मुळांची हवा आणि पाणी दोन्ही तोडणारा. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

छाटणीचेही असेच. तारांना अडथळा म्हणून एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या की झाडाचा तोल ढळतो. उरलेल्या बाजूला ३०० किलोग्रॅमची फांदी असून तिचा गुरुत्वमध्य बुंध्यापासून ३ मीटरवर असेल, तर ९,००० न्यूटन-मीटरचे परिबल वारा नसतानाही रात्रंदिवस लागून राहते. फांदी कापण्याची जागाही महत्त्वाची. अमेरिकेतील अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत भिंती घालून कोंडून टाकते. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते, ती राखून कापले तर ही तटबंदी चांगली होते. बुंध्याला घासून कापले तर कूज थेट आत शिरते. जड फांदी वरून एकदम कापली तर पडताना ती स्वतःच्या वजनाने सालीची लांब पट्टी ओढून नेते. म्हणून आधी थोडे बाहेर खालून अर्धवट काप, मग वरून, आणि शेवटी उरलेला खुंट कडेशी, अशा तीन कापांत हे काम करायचे असते.

२०२१ च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावायची आहेत. साठ वर्षांच्या झाडाबद्दल साठ रोपे. आकडा भरघोस वाटतो. आपल्या झाडाची भर दुपारची सावली सुमारे ५० चौरस मीटर. रोपाचा घेर ६० सेंटिमीटर धरला तर एका रोपाची सावली ०.२८ चौरस मीटर, साठांची मिळून १७. तीही सगळी जगली तर, आणि त्याच रस्त्यावर लागली तर.

तुमच्या शाळेजवळ असा कागद दिसला तर शिक्षकांना घेऊन मोजणी करा. दोरीने घेर मोजा. पंचेचाळीस अंशांच्या गुण्यातून शेंडा दिसेल इतके मागे सरका. ते अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची म्हणजे झाडाची उंची. लाकडी हातोडीने बुंधा ठिकठिकाणी हलकेच ठोकून आवाज ऐका. बुडाशी बुरशीची छत्री आहे का, वाऱ्याकडच्या बाजूची जमीन भेगाळली किंवा उचलली आहे का, जवळ नव्या खोदाईची खूण आहे का, हे टिपून ठेवा. मग अर्जात विचारा : पाहणी कोणी केली? पोकळी मोजली का? ध्वनिलहरी बुंध्यातून आरपार जायला किती वेळ लागतो यावरून आतली कूज दाखवणारी उपकरणे आज उपलब्ध आहेत. निरोगी लाकडातून आवाज सरळ जातो, पोकळीला मात्र त्याला वळसा घालावा लागतो, म्हणून उशीर होतो. तपासणीत झाड खरोखरच डळमळीत निघाले तर ते उतरवणेच योग्य, कारण खालून मुले शाळेला जातात. नाही निघाले, तर केबलचा चर बुंध्याजवळच्या टप्प्यात यंत्राने न खणता हाताने खणावा आणि नळी मुळांच्या खालून सरकवावी, एवढी मागणी पुरते.