चुलीतील विस्तव आणि शेजाऱ्याचा हक्क

पवित्र कुरआनच्या सूरह नहलमध्ये जनावरांपासून मिळणाऱ्या लाभांचा उल्लेख येतो, तेव्हा त्यांच्यापासून लाभणारी ऊब आधी सांगितली आहे आणि अन्न नंतर. याच सूरहमध्ये घराला विसाव्याची जागा म्हटले आहे. सूरह वाकिआमध्ये तर माणूस जो विस्तव पेटवतो, त्याचे झाड कोणी निर्माण केले, असा प्रश्न विचारला आहे. यावरून हे स्पष्ट होते की, ऊब आणि विस्तव या अल्लाहच्या देणग्या आहेत. आणि देणगीचा हिशेब द्यावा लागतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार पाणी, चारा आणि विस्तव या तीन गोष्टींत लोक एकमेकांचे भागीदार आहेत (अबू दाऊद). विद्वानांनी याचे स्पष्टीकरण असे केले आहे की, तोडून आणलेले सरपण ही मालकाची मालमत्ता असते. परंतु पेटलेल्या विस्तवाची ऊब आणि उजेड कोणापासून रोखता येत नाही.

परभणी जिल्हा कडक उन्हाळ्यासाठी ओळखला जातो. तथापि परभणीच्या कृषी विद्यापीठातील नोंदींत काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली उतरलेला आहे. जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावात ही थंडी सर्वांना सारखी लागत नाही. जुन्या माळवदाच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दिवसाची उष्णता साठवून ठेवत. आज गरिबाच्या डोक्यावर पत्रा आहे. तो सूर्य मावळताच गार पडतो आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकते.

इंधनाचीही तीच गत आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून अनेक घरी गॅस आला. राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत २०२४ पासून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची तरतूद आहे. ज्यांना या योजनांची माहिती नाही, त्यांचे अर्ज भरून देणे हीसुद्धा सेवा आहे. परंतु वर्षाचे महिने बारा आहेत, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला सिलिंडरची रक्कम एकदम उभी करणे कठीण जाते. मग पुन्हा तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर चूल पेटते. ज्याला शेत नाही, त्याला तेही मागून आणावे लागते. अशा घरात स्वयंपाक झाला की विस्तव विझतो, आणि म्हातारी माणसे व लेकरे रात्र कुडकुडत काढतात.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीची रिवायत सुप्रसिद्ध आहे. एका थंड रात्री मदीनेबाहेर त्यांना विस्तव दिसला. एक स्त्री भुकेल्या मुलांची समजूत घालण्यासाठी नुसते पाणी उकळत होती. खलीफांनी पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर वाहून आणले आणि स्वतः चूल फुंकली. त्यांच्या दाढीतून धूर निघत होता, असे सोबतचे हजरत अस्लम सांगतात. ती स्त्री मागायला आली नव्हती, शोधत जाणारे उमर (रजि.) होते. आपल्यासाठी बोध हाच आहे.

म्हणून प्रत्येक मोहल्ल्याच्या जमाअतने हिवाळ्यापूर्वी विधवा, वृद्ध, बाळंतीण आणि आजारी माणसांच्या घरांची गुपचूप यादी करावी. ज्यांच्यावर जकात फर्ज आहे, त्यांनी आपल्या अडीच टक्क्यांतून हकदारांना सिलिंडर, सरपण किंवा वाकळ मालकी हक्काने द्यावी. सदक्याचे दार तर सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसाठी उघडे आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनी घरी बकरी कापली गेली, तेव्हा यहुदी शेजाऱ्याला वाटा पोहोचला का, हे आवर्जून विचारले होते. शेतकरी बांधवांनी बांधावर पऱ्हाट्या पेटवून देण्याऐवजी त्यांच्या मोळ्या गरजूच्या दारी टाकाव्यात. तरुणांनी पत्र्याखाली, चुलीपासून दूर, बांबूचा तट्ट्या बसवून द्यावा. भिंतीच्या फटी चिखलाने बुजवाव्यात, मात्र धूर जाण्याची वाट मोकळी ठेवावी.

एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. दार लावून, खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो; झोपलेला माणूस उठतच नाही. मदीनेत एका रात्री घर जळाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) विस्तवाला शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी तो विझविण्याची ताकीद दिली (बुखारी). उबेसाठी रात्रभर विस्तव जाळण्याची पाळी गरिबावर येऊ नये, यासाठीच अंगावर पुरेशी वाकळ आणि घराला आडोसा हवा.

सूरह माऊनमध्ये नमाज पढूनही रोजच्या वापराच्या साध्या वस्तू अडवून धरणाऱ्यांचा कठोर शब्दांत धिक्कार आहे. फज्रच्या नमाजला गरम पाण्याने वुजू करताना आपण एवढे आठवावे की, आपल्या भिंतीपलीकडची चूल पेटली आहे काय?

अल्लाह आपल्याला शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची आणि तो अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.