डौलदार विमान आणि रानाचें काम

वडीगोद्री हें गांव सोलापूर-धुळे महामार्गावर, गोदावरीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. भोंवतालीं काळें रान. त्यांत ऊंस, कापूस व मोसंबी हीं पिकें होतात. तेथील एका तरुण बागाइतदारानें आम्हांस विचारलें, "मोसंबीचे चार पैसे हातीं आले आहेत. दोन आसनांचें हलकें विमान घेतलें तर कसें? रान वरून पाहतां येईल, फवारणीही उरकेल, आणि यंत्र मोठें देखणें आहे. वडील मात्र त्या पैशांत विहीर खोल करूं म्हणतात." हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. ट्रॅक्टर असो कीं विमान, यंत्राचें रूप व उपयोग यांचा मेळ कसा पाहावा, हें यावरून शिकतां येतें.

उदाहरणादाखल स्लोव्हेनिया देशांतील पिपिस्ट्रेल कंपनीचें 'व्हायरस एस. डब्ल्यू. ८०' हें विमान घेऊं. २०१५ सालीं आपल्या संरक्षण खात्यानें वायुदल, नौदल व राष्ट्रीय छात्रसेना यांकरितां अशीं १९४ विमानें मागविण्याचा करार केला. लांब सडपातळ पंख, माशासारखें निमुळतें अंग, चाकांवर गुळगुळीत टोप. पाहतांच नजर ठरते. हें रूप निव्वळ शोभेचें नव्हे. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून ताशीं २०० किलोमीटरांवर धावणाऱ्या यंत्रास निमुळतें अंग हवेंच. त्यायोगें केवळ ८० अश्वशक्तींत तो वेग साधतो. म्हणजे येथें सौंदर्य कामांतूनच उपजलें आहे. पण तें काम प्रवासाचें व शिक्षणाचें आहे.

आतां ओझ्याचा हिशेब पाहूं. या विमानाचें उड्डाणाच्या वेळचें एकूण वजन ४७२.५ किलोंपलीकडे जातां कामा नये. रिकामें विमान सुमारे २९० किलो भरतें. उरले १८२. पंचाहत्तर किलोंचे दोघे बसले कीं ३२ किलो शिल्लक. त्यांत पेट्रोल मावतें सुमारें ४० लिटर. टांकी यापेक्षां मोठी आहे, पण ती कांठोकांठ भरावयाची तर दुसऱ्या माणसास खालीं ठेवावें लागेल. चालक एकटाच बसला व २० लिटर पेट्रोल घेतलें, तरी टांकी, पंप व औषधाचें पाणी मिळून ९० किलोंच्या आसपासच ओझें उचलेल. शिवाय हें विमान फवारणीसाठीं बांधलेलेंच नाहीं.

दुसरी गोष्ट उतरण्याची. जें यंत्र हवेंत सहज सरकतें, तें खालीं यावयासही नाखूष असतें. इंजिन मंद केल्यावर तें एक मीटर उतरतांना सुमारें १७ मीटर पुढें जातें. बांधावरील निंब १५ मीटर उंच असेल, तर त्यावरून निघून जमिनीस टेकेपर्यंत २५५ मीटर अंतर गेलें. आणि एक हेक्टराचें चौरस शेत तर १०० मीटरच लांब! याकरितांच त्याच्या पंखांवर हवेस अडविणाऱ्या फळ्या बसविल्या आहेत. त्यांनीं अंतर घटतें, तरी लांब, सपाट, विजेच्या तारांपासून मोकळी धांवपट्टी लागतेच. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल त्या देखण्या टोपांत भरून चाकेंच अडकवील.

याउलट 'झेनएअर सी. एच. ७०१' पाहा. हेंही छात्रसेनेनें वापरलेलें विमान. आखूड जाड पंख, पुढें बसविलेली पट्टी, चौकोनी अंग. डोळ्यांत भरण्याजोगें कांहीं नाहीं. पण तें ताशीं सुमारें ५० किलोमीटर इतक्या मंद वेगावरही तरंगतें व अगदीं थोड्या जागेंतून उठतें. वेगांत मात्र तें मागें पडतें. दोहोंपैकीं चांगलें कोणतें, हा प्रश्नच चुकीचा. कोणत्या कामास चांगलें, हें विचारावें. बैल-बाजारांत आपण शिंगांचा डौल पाहतोंच, पण पैसे मोजण्यापूर्वीं खूर, खांदा व चालही पाहतों.

मग वडीगोद्रीच्या बागाइतदारानें काय करावें? विमान घ्यावयाचें तर नोंदणी, चालकाचा परवाना, निवाऱ्याची जागा व नियमित तपासणी हे खर्च त्यामागोमाग येतात. लहान लहान तुकड्यांवरून वेगानें औषध उडविल्यास तें शेजाऱ्याच्या बागेंत जावयाचें. फवारणीस ड्रोन भाड्यानें आणावा. तो थोडेंच पाणी नेतो, पण पिकाच्या डोक्यावरून संथ फिरतो व उठण्यास पट्टी मागत नाहीं. चालविणारा परवानाधारक आहे ना, एवढें पाहून घ्यावें.

उडण्याची हौस वाईट नव्हे. ती असेल तर मुलास छात्रसेनेंत धाडावें किंवा वैमानिक-शिक्षण द्यावें. पण तो खर्च हौसेच्या खात्यांत मांडावा, शेतीच्या खात्यांत नव्हे. यंत्र घेतांना चार प्रश्न कागदावर लिहावे: ओझें किती नेतें, जागा किती मागतें, वर्षांतून किती दिवस चालतें, आणि बिघडल्यास दुरुस्ती कोठें होते. चारही उत्तरें पटलीं, मग रूप खुशाल पाहावें. आमच्या मतें यंदा वडिलांचें म्हणणें ऐकावें. विहिरीचें पाणी मोसंबीस उन्हाळाभर लागणार आहे.