सोंगणीच्या दिवसांतील हवामानाचे इशारे

मौजे उंद्री आणि चिखली तालुक्यातील आसपासच्या शिवारांत सोयाबीनची सोंगणी येते ती नेमकी परतीच्या पावसाच्या तोंडावर. आणि कापलेले पीक वावरात आडवे पडलेले असताना दुपारून आभाळ भरून आले म्हणजे, सुडी आजच लावावी की उद्यावर टाकावी, याचा निकाल शेतकऱ्यास घटकाभरात लावावा लागतो. पूर्वी सरकारी इत्तला कोतवालाच्या दवंडीने गावात येई. आता ती खिशातल्या मोबाईलवर येते, परंतु तिचा अर्थ लावण्याची सवय अद्याप अंगवळणी पडलेली नाही.

बुलढाणा जिल्हा हवामान खात्याच्या दप्तरी विदर्भात मोडतो व त्याचे इशारे नागपूरच्या प्रादेशिक केंद्रातून निघतात. सबब शेजारच्या जालन्यासाठी वर्तविलेला मराठवाड्याचा अंदाज आपला समजून मजूर सांगू नयेत. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी सज्ज राहण्यास, आणि लाल तत्काळ कृती करण्यास. खरी मेख मात्र रंगाखालच्या ओळीत असते, जी सहसा कोणी वाचत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ याचा खात्याच्या परिभाषेत अर्थ फार तर चतुर्थांश ठिकाणी असा आहे. म्हणजे उंद्रीत थेंबही न पडता जिल्ह्याचा इशारा खरा ठरू शकतो. जुलै 2023 मधील अतिवृष्टीचा तडाखा मुख्यत्वे संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांना बसला, हे आठवले म्हणजे ‘इशारा होता, पाऊस कुठे आला?’ असे म्हणून खात्याची थट्टा करणाऱ्यांचा उत्साह थोडा कमी व्हावा.

आपल्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते व वर्षाचे भाकीत सांगितले जाते. त्या परंपरेचा मान राखूनही, सोंगणीचा दिवस ठरविताना भिस्त ठेवावी ती पाच दिवसांच्या अंदाजावर आणि पुढील तीन तासांपुरत्या तातडीच्या इशाऱ्यावरच, असे माझे स्पष्ट मत आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा हवामानाधारित कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो, तोही पाहावा.

नारिंगी इशारा असताना नवे पीक कापू नये. मात्र पक्व सोयाबीन फार दिवस उभे ठेवल्यास पावसानंतरच्या उन्हाने शेंगा तडकतात, म्हणून उघडीप मिळताच सोंगणी उरकावी. कापलेले पीक वाळले असेल तर उंचवट्यावर सुडी लावून ताडपत्री चहूबाजूंनी दाबून बांधावी; ओले असेल तर मात्र गंजी घट्ट रचू नये, कारण ते आत तापते आणि दाण्यास बुरशी धरते.

विजेच्या बाबतीत इतकी सवड नसते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप आपल्या परिसरात पडणाऱ्या विजांची सूचना देते. ते हाताशी नसल्यास वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत, आणि ते तीसपेक्षा कमी भरले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे जाणून पक्क्या घराचा आसरा घ्यावा व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. धुऱ्यावरचे झाड आसऱ्यासाठी अगदी वर्ज्य. संकट ओढवलेच तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक आहे. तो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये, विशेषतः वावरात एकट्याने राखणीस जाणाऱ्याच्या, आजच नोंदवून ठेवावा.